एका हातावरून लोंबणारा मांडा

बुऱ्हाणपूरला मी आयुष्यात एकदाच गेले. चार दिवस राहिले, दोन व्याख्यानं दिली आणि परत आल्यावर त्या प्रवासाचं वर्णन एका दिवाळी अंकात छापून आणलं. त्यात ताप्ती होती, केळीचे मळे होते, मावा जिलबी होती आणि एक फार हुशार तरुण प्राध्यापिका होती. ती मी.

परवा नातीला तो अंक माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. सोफ्यावर पाय पसरून तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "आजी, कसलं भारी लिहायचीस गं! ते मांड्याचं उदाहरण तर कमाल आहे."

त्या उदाहरणाचं कौतुक मी गेली पन्नासएक वर्षं ऐकते आहे. दर वेळी मान खाली घालून हसते. लोकांना वाटतं, काय हा विनय! विनय कसला, लाज आहे ती. तेव्हा जे छापलं त्यात खोटं काही नव्हतं. पण जे गाळलं, खरा प्रवास तेवढाच होता. ते आता लिहून टाकते. ऐंशीला टेकल्यावर अब्रूही गुडघ्यांसारखी होते. उरली आहे ती वापरून टाकावी.

लालबाग स्टेशन

राज्यांची नवी मांडणी होऊन पंधराएक वर्षं झाली होती. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं होतं, पण तिथल्या मराठी वाचनालयाची हिवाळी व्याख्यानमाला मराठीतच चाले, आणि वक्ते पुण्याहून मागवले जात, आपण रत्नागिरीहून आंबे मागवतो तसे. मला विषय दिला होता कृष्णविवरं. हा शब्द तेव्हा इतका नवा होता की वाचनालयाच्या फळ्यावर त्याच्यापुढे कंसात 'आकाशातील' असं लिहिलेलं होतं.

आता त्या सव्वीस वर्षांच्या बाईकडे जरा बघा. खळ दिलेली पांढरी साडी, काळा चष्मा, होल्डॉल, सुटकेस आणि एक पिशवी भरून जाडजूड पुस्तकं. ती तिनं चार दिवसांत एकदाही उघडली नाहीत. ती लोकांनी उचलावीत म्हणून आणली होती. भुसावळ सोडल्यापासून ही बाई ओठातल्या ओठात हिंदीची तालीम करत होती. मध्य प्रदेश ना! लालबागच्या फलाटावर उतरली आणि टोपीवाल्या गृहस्थांना म्हणाली, "जी, हम पूना से आये हैं. आप हमको लेने को आये हैं क्या?"

ते गृहस्थ हसले. "मराठीतच बोला बाई. राज्य तिकडचं झालं, जीभ घरचीच आहे."

हे भास्करराव चौधरी, तिथल्या मराठी शाळेचे हेडमास्तर आणि वाचनालयाचे चिटणीस. माझा मुक्काम त्यांच्याच घरी होता. स्टेशन लालबागेत आणि गाव तिथून तीनेक किलोमीटर, म्हणून टांगा केला. टांग्यात बसल्या बसल्या मला एक सुरेख कल्पना सुचली, आणि सुचलेलं पोटात ठेवायची सवय मला तेव्हा नव्हती. मी म्हटलं, "भास्करराव, सूर्य दाबून दाबून त्याचं कृष्णविवर करायचं झालं तर तो केवढा होईल माहीत आहे? त्याचा मध्य या लालबाग स्टेशनात धरला, तर त्याची कड तुमच्या गावापाशी संपेल. तीन किलोमीटर! एवढा मोठा सूर्य!"

भास्कररावांनी गंभीरपणे स्टेशनाकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं. म्हणाले, "म्हणजे टांग्याला पैसे तेवढेच पडतील."

टांगेवाला खो खो हसला. मला तो माझा अपमान वाटला. बघा म्हणजे.

घरी भास्कररावांच्या पत्नी कमलाबाई आणि मुलगी निर्मला वाट बघत होत्या. घरात तिला निमी म्हणत. सतरा वर्षांची, उंच, दोन वेण्या, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायची सवय. जेवायला भाकरी, भरीत आणि ठेचा. पुण्याची बाई ठेच्याला चटणी समजून बोटभर खाऊन गेली आणि नंतर दहा मिनिटं तिला बोलता येईना. कमलाबाईंनी ताकाचं भांडं पुढं केलं. "हळू घ्या ना बाई. पुन्यात काय तिखट खाऊन नाही राहिले का कोनी?"

माझं तोंड बंद आहे हे पाहूनच बहुधा भास्कररावांनी मनातलं काढलं. निर्मला अकरावीला विज्ञान घेऊन चांगली पास झाली होती. वर्ष घरीच गेलं होतं. आता जुलैत तिला खंडव्याला बी.एस्सी.ला घालायचं, तिथं हॉस्टेलात ठेवायचं, की दापोऱ्याचं एक स्थळ आलं होतं त्यांना होकार द्यायचा, यावर घरात दोन महिने घोळ चालला होता. दापोरा जवळच, घर खाऊनपिऊन सुखी, केळीची बाग.

"मी मराठीचा मास्तर," भास्करराव म्हणाले. "मला विज्ञानातलं काय कळतं? तुम्ही चार दिवस आहात. हिच्याशी बोला. हिच्यात तेवढं आहे का बघा. तुम्ही म्हणाल तसं करू."

निर्मला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी ताक पीत पीत मान डोलावली. एखाद्या पोरीचं आयुष्य ताकाच्या घोटाबरोबर हातात आलं, आणि त्या बाईला त्याचं वजन ताकाच्या भांड्याएवढंही वाटलं नाही.

वाचनालय

पहिलं व्याख्यान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हॉल भरला होता. वकील, मास्तर, कापडाचे व्यापारी, पोस्टातले लोक; उजव्या बाजूला बायका. मी खडू हातात घेतला आणि सुरुवात मात्र चांगली केली, हे माझ्याविषयी सांगण्यासारखं त्या प्रवासातलं एकमेव.

दगड वर फेकला की खाली येतो, म्हटलं. जोरानं फेकला तर उशिरा येतो. फारच जोरानं, सेकंदाला अकरा किलोमीटर इतक्या वेगानं फेकला, तर पृथ्वी सोडून निघून जातो, परत येतच नाही. आता पृथ्वीचं वजन तेवढंच ठेवून ती दाबा. लहान करा. तिच्या पाठीवर उभं राहिलं तर ओढ वाढत जाईल, आणि सुटायला लागणारा वेगही वाढत जाईल. दाबत दाबत एक वेळ अशी येईल की उजेडालासुद्धा तेवढा वेग नाही. उजेडाहून वेगवान काहीच नाही. मग तिथून काहीच बाहेर येत नाही. ते विवर म्हणजे खड्डा नाही, पोकळी तर नाहीच. उलट इतकं ठासून भरलेलं दुसरं काही नाही. त्याला भिंत नाही, दार नाही. फक्त एक कड. कडेच्या बाहेर आहात तोवर परत फिरता येतं, कड ओलांडली की नाही.

आता टाळ्या हव्यात, असं त्या बाईला वाटलं. आणि टाळ्यांसाठी तिनं सूर्य हाताशी घेतला.

"समजा," मी म्हटलं, "आपल्या सूर्याचंच उद्या कृष्णविवर झालं. खरं तर तो तेवढा जड नाही, होणार नाही, पण समजा. मग काय होईल? बुध, शुक्र, आपली पृथ्वी, सगळी पाचोळ्यासारखी खेचली जातील आणि घटकाभरात गडप!"

बायकांच्या बाजूनं "अगं बाई!" असा हलका आवाज उठला. मी समाधानानं खडू खाली ठेवला.

तेवढ्यात निर्मला उभी राहिली.

"बाई, एक विचारू? सूर्य दाबला तर तो लहान झाला. जड थोडाच झाला?"

"म्हणजे?"

"मतलब, वजन तेच राहिलं. आपण त्याच्यापासून जेवढे लांब होतो तेवढेच आहोत. मग ओढ पण तेवढीच ना? पृथ्वी कशाला पडेल? ती फिरत राहील आहे तशी. फक्त अंधारात, आणि थंडीत."

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जूनमध्ये गुरुत्वाकर्षणाचं सूत्र शिकवत होते. त्यात दोन वस्तूंची वजनं असतात आणि त्यांच्यातलं अंतर. वस्तू केवढी फुगलेली आहे की दाबलेली आहे, त्याला त्या सूत्रात जागाच नाही. पण हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं एवढंच की शंभर माणसं बघत आहेत.

"हे बघ बाळ," मी हसून म्हटलं, "अकरावीच्या पुस्तकाच्या पुढेही विज्ञान असतं. कृष्णविवर ते, तुमच्या निमाडातला गूळ नव्हे, की खडा दाबून लहान केला तरी गोडी तीच."

लोक हसले. मोठ्यानं हसले. निर्मला क्षणभर उभी राहिली, मग बसली. गूळ माझ्याच तोंडून आला होता, आणि तो तिच्या बाजूनं साक्ष देत होता, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर वाचनालयाची आठ-दहा मंडळी चहाला थांबली होती. भास्कररावांनी तिथं सगळ्यांसमोर मुलीला हाक मारली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फक्त लाजलेला होता. घरी आलेल्या पाहुण्याला मुलीनं चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे काय!

"निमी, बाईंच्या पाया पड. माफी माग."

ती आली. वाकली. तिच्या वेण्या पुढे येऊन माझ्या चपलांवर पडल्या. "चुकलं, बाई," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे गं. लहान आहेस."

त्या दिवाळी अंकात हा ओटा आहे. 'संध्याकाळी ओट्यावर गावातील रसिक मंडळींबरोबर चहा झाला,' असं वाक्य आहे.

बहादरपूरचा मळा

पहाटे लवकर जाग आली. थंडी होती. माडीच्या खिडकीत बसून, कमलाबाईंनी दिलेला चहा पीत, मी निमंत्रणपत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं दुसऱ्या व्याख्यानाचे मुद्दे काढत होते. मजा म्हणून ते सूत्र मांडलं. सूर्याचं वजन, पृथ्वीचं वजन, मधलं अंतर. मग सूर्य तीन किलोमीटरचा केला, आणि सूत्रात काय काय बदलतं ते बघायला लागले.

काहीच बदललं नाही.

मी पुन्हा मांडलं. पोरगी अक्षर अन् अक्षर बरोबर होती. विवर शोषत नाही, हुंगत नाही, कुणाच्या मागे लागत नाही. लांबून ते तेवढ्याच वजनाच्या कुठल्याही ताऱ्यासारखंच. त्याचा सगळा इंगा आहे तो फार जवळ जाणाऱ्यासाठी, कारण तारा मोठा असताना जितकं जवळ जाताच येत नव्हतं तितकं आता जाता येतं.

खाली अंगणात निर्मला झाडत होती. माडीवरून जिना उतरायला पंधरा पायऱ्या. मी उतरले, आणि म्हटलं, "आंघोळीचं पाणी झालं का?"

त्या सकाळी मला केळीचा मळा दाखवायचं ठरलं होतं. कमलाबाईंच्या भावाचा मळा बहादरपूरला. निर्मला माझ्याबरोबर टांग्यानं आली. मळ्यात घड काढणं चाललं होतं. घड गाडीत ठेवताना खाली आणि मधे केळीचीच सुकी पानं अंथरतात, बाळाला दुपट्यात ठेवावं तसं. रेल्वेच्या डब्यात कितीतरी मुलूख ओलांडून जायचे असतात ते. मी एका कापलेल्या दांड्याला हात लावायला गेले.

"बाई, पदर सांभाळा. केळीचा डाग जात नाही."

"आमच्याकडे पुण्याला चांगले साबण मिळतात," मी म्हटलं, आणि पदर दांड्याला घासला. पाण्यासारखा पांढरट चीक. काहीच दिसेना. दुपारपर्यंत तो तपकिरी झाला.

मळ्याच्या हौदातून पाटाला पाणी सोडलं होतं. हौदाच्या तोंडाशी पानाचा एक तुकडा गोल गोल फिरत होता. आम्ही दोघी कठड्यावर बसलो. तुकडा सरळ जाईना. फेऱ्या मारायचा, जवळ यायचा, वेग वाढायचा. निर्मला म्हणाली, "सरळ पडायचं तर आधी फिरणं थांबायला पाहिजे ना त्याचं."

हाच माझा दुसऱ्या व्याख्यानातला मुद्दा होता. विवराजवळ आलेला वायू एकदम आत पडत नाही. तो भोवती फिरतो, त्याची तबकडी होते, थर थरावर घासतात, तापतात, प्रचंड तापतात. आपण काळ्या वस्तूला शोधतो ते त्या उजेडावरून. हंस तारकासमूहात तेव्हा तशी एक जागा सापडली होती, आणि सगळे शास्त्रज्ञ तिकडे डोळे लावून बसले होते. हे मी तिला सांगितलं. ती हरखून ऐकत होती. थंडीत तळवे घासतो तसं, म्हणाली. मग तळवे घासता घासता थांबली आणि माझ्याकडे बघून सरळ विचारलं,

"बाई, काल मी चुकले का?"

हौदापाशी आम्ही दोघीच. लांबवर बाया घड वाहत होत्या. इतकी सोपी संधी देवानं दुसऱ्या कुणाला दिली नसेल.

"निर्मला," मी म्हटलं, "विचारायची एक रीत असते."

"ते झालं बाई. त्याची माफी मागितली मी. पण चुकले का?"

"आधी मोठ्यांचं नीट ऐकून घ्यायला शिक."

तिनं मान हलवली आणि पुन्हा हौदाकडे बघायला लागली. तुकडा तोवर गेला होता.

खापर

दुपारी जेवायला पुरणाचे मांडे. पुण्यात आमच्याकडे पुरणपोळी लाटतात. इथं लाटणं नाहीच. चुलीवर मातीचं एक मोठं भांडं पालथं घालतात, तेच खापर. कणीक अशी सैल भिजवलेली की तिची धार लागेल. पुरण भरलेला गोळा कमलाबाई दोन्ही हातांवर घ्यायच्या, एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत फिरवायच्या, आणि तो बघता बघता पसरत, पातळ होत, कोपरापर्यंत यायचा. मग एकदम खापरावर. मी दाराशी पाटावर बसले होते. निर्मला चुलीत काटक्या सारत होती.

"आज तुम्ही सांगणार ना बाई, अगदी जवळ गेलेल्याचं काय होतं ते?"

"लांबतं," मी म्हटलं. "पाय विवराकडे करून पडलीस तर पायांना ओढ जास्त, डोक्याला कमी, कारण डोकं तेवढं लांब. त्या फरकानं माणूस ताणलं जातं." यासाठी मी रबराची दोरी आणली होती, पुण्याहून, पेटीत घालून.

इतक्यात कमलाबाईंच्या हातावरचा मांडा घसरला आणि एकाच हातावरून लोंबायला लागला.

"माय, थांब! तसाच धर!" निर्मला ओरडली.

"अवो, पडीन ना तो!"

"धर ना थोडा. बाई, बघा. दोन हातांवर होता तर चारी बाजूनं पसरत होता. आता एका हातावरून लोंबला तर फक्त लांब होऊन राहिला, आणि मधी कंबर बारीक. असंच ना? फक्त इथं मायनं वरून धरलं आहे. तिथं धरायला कोणी नाही. तिथं वरचं टोक मागं पडतं, तेच धरल्यासारखं."

"झालं का तुमचं इज्ञान?" कमलाबाई म्हणाल्या. "हात भरून आला माहा." आणि तो लांबुळका मांडा त्यांनी तसाच खापरावर टाकला. तो मी खाल्ला. तूप, दूध घालून. इतकं चविष्ट काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी दुसरं व्याख्यान. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर असेल तर पृथ्वी काही त्यात पडणार नाही, हे आपण काल पाहिलंच."

काल पाहिलंच! शंभर माणसांपैकी एकानंही भुवई उचलली नाही. लोकांना कालचं आठवत नाही, हे सगळ्या वक्त्यांचं भाग्य. पुढे तबकडी सांगितली, घासले जाणारे तळवे सांगितले. कडेजवळ जाणाऱ्या माणसाच्या हातातला दिवा लांबून बघणाऱ्याला अधिकाधिक सावकाश लुकलुकताना दिसतो, तांबूस होत विझत जातो, ते सांगितलं. आणि मग रबराची दोरी पेटीतच ठेवून म्हटलं, "तुमच्या घरी मांडा करताना पाहिलं आणि मला सुचलं..."

टाळ्यांचा असा कडकडाट त्या बाईनं जन्मात ऐकला नव्हता. मांड्याचा मान झाला! गावाचा मान झाला! टाळ्या ओसरल्या तेव्हा बायकांच्या बाजूनं कमलाबाईंचा आवाज आला. त्या शेजारणीला सांगत होत्या, हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. "आमची निमी बोलली ना दुपारी, तेच हे."

मी ते ऐकलं. निर्मला पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, फक्त टक लावून, जशी नेहमी बघायची. मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

पुन्हा लालबाग

चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी भास्कररावांनी विचारलं. "तर मग बाई? खंडव्याचं काय म्हणता?"

आता तुम्ही म्हणाल, 'पाठवा' एवढं म्हणायला काय जात होतं? मीही पन्नास वर्षं तेच म्हणते आहे. पण तेव्हा हिशेब असा दिसला: 'पाठवा' म्हटलं की ते विचारणार, 'परवा तर ती चुकली होती ना?' मग मला सांगावं लागणार, कोण चुकलं होतं ते. आणि ओट्यावर कोण कुणाच्या पाया पडायला हवं होतं ते.

मी कपातल्या चहाकडे बघून म्हटलं, "हा शेवटी घरचा प्रश्न आहे. तुम्ही आईवडील आहात. तुम्हीच ठरवा."

भास्करराव भला माणूस. पाहुणी तोंडावर नाही म्हणत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी हळूच मान हलवली. "समजलं," म्हणाले. "बरं झालं, तुम्ही स्पष्ट सांगितलंत."

मी काहीही स्पष्ट सांगितलं नव्हतं. तरी उरलेला चहा पिऊन टाकला.

स्टेशनावर दोघं पोचवायला आली. भास्करराव हमालाबरोबर पुस्तकांची पिशवी घेऊन पुढे गेले. निर्मलाच्या हातात केळीच्या पानात बांधलेला मांड्यांचा पुडा होता. गाडी येताना दिसली. मी मनाशी ठरवलं, आता बोलायचं, डब्यात चढायच्या आधी. आणि बोललेही. म्हटलं, "मांडे फार छान झाले होते हं."

तिनं पुडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाई, दुसऱ्या व्याख्यानातलं बरोबर होतं."

एवढंच. गाडी लगेच सुटली. वडिलांसमोर ती एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर मी खोटी पडले असते, आणि पाहुणीला खोटं पाडायचं नाही, हे तिला दोन दिवसांपूर्वीच शिकवलेलं होतं. मी खिडकीत बसून पुडा उघडला. वरचा मांडाही लांबुळका होता.

दिवाळी अंक निघाला. त्यात निर्मलाविषयी एक वाक्य आहे: 'यजमानांची चुणचुणीत कन्या सर्वत्र माझ्यासोबत होती.' मांड्याचं उदाहरण पाऊणभर पानाचं आहे. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. रेखीव अक्षर.

'बाईंना सा. नमस्कार. अंक वाचला. आमच्या गावाचं छान लिहिलं आहे. मांड्यात एक दुरुस्ती आहे. तुम्ही दोन हातांवर फिरवलेला मांडा लिहिला. तो चारी बाजूंनी पसरतो. विवराजवळची वस्तू एकाच दिशेनं लांबते आणि बाजूंनी आवळली जाते. मी एका हातावरून लोंबणारा म्हणाले होते. पुढच्या वेळी तसं लिहावं. माय बरी आहे. साडीचा डाग गेला का? आपली, निर्मला.'

म्हणजे मी चोरलं ते चोरलं, आणि वर चुकीचं चोरलं. मी मोठ्यानं हसले. मग कार्ड उलटून पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. मुक्काम दापोरा. नावापुढचं आडनाव चौधरी नव्हतं.

मी त्या कार्डाला उत्तर लिहिलं नाही. पुढच्या वेळी मात्र दुरुस्ती केली. मुलांसाठी एक पुस्तिका लिहिली, तिच्यात मांडा एका हातावरून लोंबतो. ती पुस्तिका बरीच चालली, आणि मांड्याच्या पानावर माझ्याशिवाय कुणाचंही नाव नाही. साडी मी पुढे बोहारणीला दिली. तिनं पदर उजेडात धरला आणि परत केली.

कार्डावरचा पत्ता अजून वाचता येतो; हे छापून आलं की एक प्रत त्या पत्त्यावर जाईल. म्हणून, जे ओट्यावर आठ-दहा माणसांसमोर उभं राहून म्हणायचं होतं, ते इथं जरा जास्त माणसांसमोर म्हणते. मांड्याचं उदाहरण माझं नाही. ते निर्मला भास्कर चौधरी, बुऱ्हाणपूर, हिचं आहे. आणि त्या संध्याकाळी वाचनालयात ती बरोबर होती, मी चूक होते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आलं तर ते पृथ्वीला गिळत नाही. पृथ्वी आपल्या वाटेनं फिरत राहते, वर्षही तेवढंच भरतं. फक्त अंधारात, आणि थंडीत.